चेंडू न दिसणारा बाक

व्हर्ना स्टिपेटिच क्लबात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. शाळेची बस चालवणाऱ्या बाईचा आवाज तो. मागच्या सीटवर कोण कुणाची वेणी ओढतंय ते आरशात बघून, मान न वळवता ओरडायची तिला सवय. तोच आवाज घेऊन ती दर शुक्रवारी संध्याकाळी स्लोव्हाक क्लबातल्या गोल टेबलाशी यायची, आणि तिथे बसलेली सत्तरीची म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघून म्हणायची, "आली!"

हॅनली फेरी या आमच्या गावात पोलादाचा कारखाना बंद पडला तरी भांडणं बंद पडली नाहीत, आणि भांडणं सगळी फुटबॉलची, चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलची. जुन्या काळच्या खेळाडूंत थोर कोण, नुसता नावालाच मोठा कोण, कोणाला मान मिळायला हवा होता आणि कोणाला उगाच मिळाला. कँटनला, गाडीने दोनेक तासांवर, देशातल्या थोर खेळाडूंचं मोठं दालन आहे. तिथे आमच्या खोऱ्यातल्या एकाही जुन्या गड्याला जागा मिळाली नाही यावर टेबलाचं एकमत होतं. त्या टेबलाचं एकमत होण्यासारखी तेवढी एकच गोष्ट. मग त्यांनी क्लबातच स्वतःची भिंत केली. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासात, मासे तळायच्या एका शुक्रवारी, एका गड्याच्या नावावर मतं पडायची, आणि पास झाला तर त्याची तसबीर भिंतीवर चढायची.

नियम कडक होते. बोलणाऱ्याने त्या गड्याला स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना बघितलेलं असलं पाहिजे. पेपरात वाचलं, मामाने सांगितलं, असलं काही चालायचं नाही. ज्याने नाव सुचवलं त्याने मतांच्या वेळी बाहेर जायचं. मग दिवे घालवायचे, प्रत्येकाने आपला रिकामा बियरचा ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवायचा, पसंत असेल तर सुलटा, नसेल तर उपडा, आणि दिवे लावायचे. एक जरी ग्लास उपडा निघाला तर तो गडी पुढच्या वर्षावर. कोणाचा ग्लास कोणता ते कळत नसे, पण वर्षभर त्यावरून संशय घ्यायला मात्र सगळ्यांना मोकळीक असायची.

या टेबलाशी बाई बसलेली कोणी बघितली नव्हती. खुर्ची बापाकडून थोरल्या मुलाकडे जायची, असा रिवाज. व्हर्नाचा बाप ज्यो गेला तेव्हा सगळे धरून चालले की तिचा भाऊ येईल. भाऊ टेक्सासात मोठ्या नोकरीवर. दफनविधीनंतरच्या शुक्रवारी व्हर्ना आली, खुर्ची ओढली आणि बसली.

ह्यू प्रिचर्ड हा कारखान्यातला जुना मुकादम. खोडी काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरत नसे. तो म्हणाला, "अगं, ही थोरल्या मुलाची खुर्ची आहे."

"थोरलं मूल मीच आहे," व्हर्ना म्हणाली. "बाकीचं तू मोजत बस."

त्या दिवसापासून ती बसली ती बसलीच. आणि दरवर्षी तिने एकच नाव लावून धरलं. ऑरेस्ट हालचाक, डावा गार्ड.

पन्नासच्या दशकात आमच्या खोऱ्याचा स्वतःचा व्यावसायिक संघ होता, आयर्नमेन. रविवारी मिल फील्डवर पगार घेऊन खेळायचे आणि सोमवारी त्यांतले निम्मे कारखान्यात हजेरी लावायचे. त्या संघाचं नाव काढलं की गाव एकाच माणसाचं नाव घेई, कॅझ डॉम्बेक. चेंडू काखेत मारून कॅझ डावीकडून असा काही सुटायचा की स्टँडमधल्या बाया रुमाल फेकायच्या. त्याची तसबीर भिंतीवर सगळ्यात पहिली आणि सगळ्यात मोठी. पुढे त्याने मोटारी विकल्या, केस काळे करत राहिला, आणि गोल टेबलाशी टोमॅटोचा रस पीत स्वतःच्या तसबिरीखाली बसत राहिला. बोलायचा कमी. त्याच्या वतीने बोलायला गाव होतं.

आणि गार्ड? गार्ड म्हणजे चेंडूला आयुष्यात हात न लावणारा माणूस. पळणाऱ्याच्या पुढे धावायचं, वाटेत जो येईल त्याला अंगावर घेऊन आडवा करायचा, आणि त्याच्यासकट स्वतःही आडवं व्हायचं, एवढंच त्याचं काम. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, म्हणतात ना, ते फुटबॉलात कुणाला लागू पडत असेल तर गार्डला. ऑरेस्ट हालचाक त्यातही घुमा. खेळ संपल्यावर कारखान्याच्या कोळसा भाजायच्या कोक भट्टीवर कामाला लागला, तिथेच छातीत धूळ भरून घेऊन निवृत्त झाला, आणि शुक्रवारी क्लबात कॅझच्या तसबिरीसमोर बसून मुकाट मासे खाऊन जायचा.

व्हर्नाला या माणसाचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायचं तर तिच्या लहानपणात जायला हवं.

ज्योचा पगार बेताचा. मिल फील्डवर तो सगळ्यात स्वस्त जागा घ्यायचा. गोलरेषेच्या पलीकडे, डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत एक फळी होती, तो बाक. मोठी माणसं मागे उभी राहायची आणि पोरांना पुढे बाकावर बसवायची. मिल फील्ड मधे उंच आणि कडांना उतरतं, पाणी वाहून जावं म्हणून. दहा वर्षांच्या पोरीला त्या बाकावरून चेंडू कधी दिसलाच नाही. दिसायचे ते बूट, गुडघे, चिखलाने माखलेल्या पाठी आणि एकमेकांवर आदळणारे खांदे. काय झालं ते तिला कानांनी कळायचं. पळणारा गेला, तर लोकांचा आवाज वर चढायचा, चढत राहायचा आणि वर जाऊन फुटायचा. अडला, तर चढता चढता मधेच बसायचा. वर्षभरात तिचा कान असा तयार झाला की बाप मागून विचारायच्या आतच ती सांगायची, "गेला, बाबा."

सरोवराकडच्या संघाशी जो त्या मोसमातला शेवटचा सामना झाला, ज्यात कॅझची ती प्रसिद्ध धाव झाली, त्या दिवशी व्हर्ना लाल टोपी घालून त्याच बाकावर बसली होती. कॅझची धाव तिने बघितली नाही. तिने बघितलं ते हे: दोन राक्षस एकमेकांत गुंतून गडगडत आले आणि बाकापासून हातभर अंतरावर पडले. वरचा उठून पळाला. खालचा तसाच पालथा. त्याचं शिरस्त्राण निघालं होतं, ओठ फुटला होता. त्याने चिखलातून तोंड वर केलं, समोर ही पोरगी दिसली, आणि त्याने धापा टाकत विचारलं,

"गेला का गं?"

त्यालाही दिसलं नव्हतं! तोंड चिखलात असलेल्या माणसाला काय दिसणार? आणि हिलाही दिसलं नव्हतं. पण आवाज वर जाऊन फुटला होता. ती म्हणाली, "गेला."

तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. तोवर सगळा संघ कॅझला खांद्यावर घ्यायला धावला होता. हा माणूस आधी गुडघ्यावर आला, मग एक हात टेकून एकटाच उठला, शिरस्त्राण शोधलं आणि लंगडत निघून गेला. त्याच्या पाठीवर नंबर होता, तो व्हर्नाने लक्षात ठेवला, आणि पुढचे सगळे रविवार ती त्याच पाठीकडे बघत बसली.

गावाने मात्र त्या धावेतून भलताच धडा घेतला. कॅझ नेहमी डावीकडून सुटायचा, तेव्हा डावी बाजू शुभ, असं गावाने ठरवून टाकलं. कोणी म्हणे कारखान्याच्या धुराड्याकडून येणारा वारा डावीकडे पाठीशी असतो. कोणी म्हणे फादर गाश्परने डाव्या कोपऱ्यात संत बार्बाराचं पदक पुरलंय. आजही शाळेचा संघ सामन्याची पहिली चाल डावीकडेच खेळतो, मग समोर डोंगर उभा असो. लग्न लागलं की नवरानवरी चर्चच्या डाव्या दाराने बाहेर पडतात. व्हर्नाच्या बसमध्ये परीक्षेच्या दिवशी पोरं डावीकडच्या सीटांसाठी मारामाऱ्या करतात.

"अरे गाढवांनो," व्हर्ना टेबलावर मूठ आपटून म्हणायची, "डावीकडे काय होतं? डावीकडे ऑरेस्ट हालचाक होता!"

मांडो फेरांटे समोरून शांतपणे विचारायचा, "आकडा सांग." हा मांडो टेबलाचा अध्यक्ष. जन्मभर विमा विकलेला, त्यामुळे आकड्याशिवाय त्याचं पानच हलत नसे. "कॅझने चेंडू घेऊन पळून किती यार्ड काढले ते माझ्याकडे आहे. तुझ्या गार्डने किती काढले?"

"गार्डचे यार्ड नसतात, मांडो!"

"मग काय असतं?"

इथे व्हर्ना नुसती पुन्हा मूठ आपटायची. ह्यू तर त्यावर मीठ चोळायला टपलेला. "आणि नियमाचं काय? डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. ज्योचा बाक सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून चेंडूसुद्धा दिसत नव्हता! तू बघितलंस ते काय, बूट?"

सगळे हसायचे. दिवे जायचे, यायचे. एक ग्लास उपडा असायचाच. व्हर्नाने तो कायम मांडोच्या नावावर धरला.

हे असं किती वर्षं चालेल याची तिला फिकीर नव्हती. पण त्या वर्षी फेब्रुवारीत कळलं की ऑरेस्टची मुलगी त्याला ॲरिझोनाला नेणार. त्याच्या छातीला आता इथली ओली हवा सोसत नव्हती. ईस्टर झाला की निघणार, आणि त्या छातीचा माणूस परत येत नसतो, हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. म्हणजे व्हर्नाच्या हातात हाच एक शुक्रवार उरला. माणूस गेल्यावर भिंतीवर लावायची तसबीर तिला नको होती. त्याने तिच्याखाली उभं राहून ती बघायला हवी होती.

आणि खरं सांगायचं तर यात तिचं स्वतःचंही काही होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा व्हर्नाने लग्नाचा विचार सोडला. भावाच्या कॉलेजची फी बसच्या पगारातून गेली. मागच्या वर्षी शाळेने भावाला सत्काराला बोलावलं, आणि तो व्यासपीठावर छाती काढून म्हणाला, "मी जो काही आहे, तो स्वतःच्या बळावर." व्हर्ना पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या, घरी आली, आणि तिला रडू कोसळलं. भावाचा राग नव्हता; तो पुढे बघून पळत होता, त्याला काय दिसणार? पण कुणीतरी बघितलं होतं, एवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं. स्वतःसाठी ते म्हणवून घेता येत नाही. ऑरेस्ट हालचाकसाठी म्हणता येत होतं.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, बस उभी करून, ती त्याच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात द्राक्षाच्या वेली छाटत होता. दोन काड्या छाटायच्या, कुंपणाला टेकून श्वास घ्यायचा, पुन्हा दोन.

"मिस्टर हालचाक, तुम्ही तर चाललात. मग ही छाटणी कुणासाठी?"

"घर विकलंय, वेली मेलेल्या नाहीत," तो म्हणाला. "जो येईल तो खाईल. मार्चात छाटलं नाही तर ऑगस्टात नुसता पाला."

"उद्या क्लबात या. तुमचं नाव मांडणार आहे."

"पुन्हा?" तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. "पोरी, सोड आता. त्यांचं काही चुकत नाही. गार्डकडे कोण बघतं? माझ्या बायकोनेसुद्धा कधी बघितलं नाही. सामना संपला की विचारायची, तू होतास का रे मैदानात?"

मग व्हर्नाने त्याला ती गोष्ट सांगितली, लाल टोपीची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो कात्री हातात धरून ऐकत राहिला.

"मला नाही आठवत," तो शेवटी म्हणाला. "दर रविवारी पडायचो. उठायच्या आधी जो दिसेल त्याला विचारायचो. एकदा तर पोलिसाच्या घोड्याला विचारलं." मग एक काडी छाटून म्हणाला, "पण तू उत्तर दिलंस, हे बरं केलंस. बरेच जण देत नसत."

"मग उद्या येता ना?"

"आत नाही यायचा. माणसं माझ्याकडे बघून ग्लास उपडा करायला लाजतील, आणि लाजून दिलेलं मत मला नको. तुझ्या गाडीत बसतो."

शुक्रवारी क्लब गच्च. तळलेल्या माशांचा वास कोटांत मुरलेला, काउंटरवर कोबी-शेवयांची परात. स्वयंपाकघरातल्या बायकांपैकी दोघी फ्लूने आडव्या, म्हणून व्हर्नाच्या गळ्यात एप्रन पडला आणि ती माशांची भलीमोठी काळी लोखंडी ताटं वाहत होती. रिवाजाप्रमाणे मतांआधी मांडोने प्रोजेक्टर लावला. आयर्नमेनचं एकच चित्रीकरण शिल्लक आहे, तेही मुकं, आणि त्यात आहे ती कॅझची धाव. गाव ते दरवर्षी बघतं. कुठे ओरडायचं तेही ठरलेलं.

पडद्यावर चेंडू मागे गेला, कॅझने तो काखेत मारला, आणि नेमकी त्याच वेळी व्हर्ना ताट घेऊन प्रकाशात आली. ताटाची सावली बरोबर कॅझवर पडली.

"अगं बाजूला हो! कॅझ दिसत नाही!" ह्यू ओरडला.

व्हर्ना बाजूला व्हायला वळली आणि तिने पडद्याकडे बघितलं. ती तिथेच थबकली. कॅझ पुसला गेला होता, आणि त्याच्यापुढे ती पाठ धावत होती. तिला बाकावरून दिसायचं तसंच, अगदी तसंच. जन्मभर ती या लोकांना तोंडाने सांगत आली होती, आणि ते चेंडूकडे बघत ऐकत होते.

"मांडो, मागे घे," ती म्हणाली. "पहिल्यापासून लाव."

"मासे गार होतायत, व्हर्ना."

"होऊ देत. लाव म्हणते ना!"

बसमधला आवाज होता तो. मांडोने मुकाट्याने रीळ मागे घेतलं. व्हर्नाने ताटातले मासे शेजारच्या टेबलावर ओतले, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि प्रकाशात उभी राहिली. ती धाव तिला पाठ होती. कॅझ जिकडे, ताटाची सावली तिकडे. लोकांनी आधी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, एकाने तर पावाचा तुकडा फेकला. मग हळूहळू आवाज कमी झाला, कारण बघण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. सावलीच्या पुढे एक धिप्पाड माणूस डावीकडे धावत होता. त्याने एकाला खांद्याने उडवला. तो स्वतः गुडघ्यावर गेला, उठला. दुसऱ्याला कंबरेत धरून बाजूला टाकला. पुन्हा पडला, पुन्हा उठला.

"आयला," मागून कोणीतरी म्हणालं, "हाच का दोनदा पडून उठला?"

गोलरेषेशी तिसरा आला. दोघं गुंतून गडगडत कोपऱ्यात गेले. सावली रेषेपार गेली. दरवर्षी इथे क्लब ओरडतो. या वेळी कोणी ओरडलं नाही. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होते. पालथ्या पडलेल्या माणसाने मान वर केली होती आणि तो समोर कुणाला तरी काहीतरी विचारत होता.

मांडो खुर्चीवरून उठला. चष्मा पुसून पडद्याजवळ गेला. "ती बाकावरची पोरगी कोण गं? टोपीवाली?"

व्हर्ना प्रकाशातून बाजूला झाली. ताट खाली ठेवून ती म्हणाली, "मी."

"हातभर अंतर आहे," मांडो स्वतःशीच म्हणाला. विमावाल्याने पाहणी करावी तशी त्याने ती जागा बोटाने मोजली. "स्टँडात चार हजार माणसं, आणि डोळ्यांनी बघितलेली एकटी तू."

ह्यूने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. रीळ संपून पडदा पांढरा झाला. आणि मग कॅझ डॉम्बेकने टोमॅटोच्या रसाचा ग्लास बाजूला सारला. तो बोलतोय हे कळायलाच लोकांना क्षण लागला.

"मला विचारत असतात, कॅझ, तू डावीकडेच का पळायचास? वारा होता का? पदक होतं का?" त्याने आपल्या तसबिरीकडे बघितलं. "मला काय माहीत वारा! पुढे एक पाठ होती. ती जिकडे जाई तिकडे मी जाई. उजवीकडे गेली असती तर आज तुमचे नवरानवरी उजव्या दाराने बाहेर पडले असते."

कोणीतरी हसलं.

"रेषा ओलांडली की मी पुढेच बघायचो," कॅझ म्हणाला. "लोक उचलून घेत. मागे तो उठला की नाही, ते मी एकदासुद्धा वळून बघितलं नाही. आज बघितलं."

मांडोने घसा साफ केला. "मतं घेऊ या. व्हर्ना, नियम माहीत आहे. बाहेर."

ती एप्रननेच बाहेर आली. पार्किंगमध्ये संध्याकाळ उतरली होती, नदीवरून गार वारा येत होता. ऑरेस्ट तिच्या जुन्या गाडीत कोट गळ्यापर्यंत ओढून बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली. काय काय झालं ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण त्याने आधी नाकाने हुंगलं.

"तुझ्या अंगाला माशांचा वास येतोय," तो म्हणाला.

"तुमच्यापायी ताटभर मासे वाया घालवलेत."

"तळलेले होते ना? मग वाया कसे? गारही चांगले लागतात."

क्लबाच्या खिडक्या काळ्या झाल्या. आत आता ग्लास टेबलावर ठेवले जात होते. ऑरेस्टचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि व्हर्ना तो ऐकत मनातल्या मनात देवाला, आईला आणि ज्यो स्टिपेटिचला एकदमच हाका मारत होती. खिडक्या उजळल्या. मधली भिंत जाडजूड विटांची. दोघांनाही काही दिसत नव्हतं.

मग आवाज आला. वर चढला. तो मधे बसला नाही. चढतच गेला आणि वर जाऊन फुटला.

ऑरेस्टने तिच्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. डोळ्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"गेला का गं?" त्याने विचारलं.

"गेला," व्हर्ना म्हणाली, आणि रडू लागली. "गेला, मिस्टर हालचाक."

तो दाराचा आधार घेऊन उतरायला लागला. सवयीने आधी गुडघा पुढे, मग एक हात टेकून.

"थांबा," तिने त्याच्या कोटाची बाही धरली. "आज एकट्याने उठायचं नाही. ते बघा."

क्लबाचं दार उघडलं होतं आणि माणसं बाहेर येत होती. मांडो हातात सुलटा ग्लास धरून, ह्यू टोपी शोधत, मागे स्वयंपाकघरातल्या बायका. सगळ्यांच्या पुढे कॅझ डॉम्बेक होता. तो गाडीपाशी आला, दार पूर्ण उघडलं आणि वाकून दोन्ही हात पुढे केले.

"चल रे," तो म्हणाला. "मी मागे बघायला आलोय."